मंगळवार पेठेतल्या टँकमधला मॉस: एका झुबक्याची ओळख

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची पहिली सर पडून गेली आणि त्याच संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात हिरवा झुबका घेऊन दारात उभा राहिला. "मॅडम, ह्याचं नाव तेवढं सांगा की." बी.एस्सी. होऊन तो आता मेडिकल दुकानात काम करतो. घराच्या माडीवर त्याने दोन-दोन फुटांचे पाच टँक, म्हणजे मासे पाळायच्या काचेच्या टाक्या, मांडलेत. चेरी श्रिंप म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, गप्पी मासे आणि टँकमधल्या वनस्पती तो पाळतो, वाढवतो आणि विकतो. घर साताऱ्याच्या मंगळवार पेठेत, नळाला कासच्या तलावाचं पाणी. पाणी हलकं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या त्याच्या टीडीएस मीटरचा आकडा शंभराच्या वर गेलेला मी पाहिलेला नाही.

त्याची अडचण अशी होती. फेब्रुवारीत त्याने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून तळहाताएवढा 'ख्रिसमस मॉस' मागवला. सुती दोऱ्याने तो ड्रिफ्टवुडवर बांधला. एप्रिलपर्यंत लाकूड दिसेनासं झालं, इतका तो पसरला. मग त्याने त्याचे छोटे वाटे करून तेच नाव सांगून विकले. पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने पंधरा दिवसांत कळवलं, "हा ख्रिसमस नाही, साधा जावा मॉस आहे, पैसे परत करा." कराडच्या गिऱ्हाईकाने मात्र फोटो पाठवून लिहिलं, "अस्सल ख्रिसमस आहे, आणखी दोन वाटे द्या." टँक एक, लाकूड एक, कात्रीही एकच. मुलगा पार गोंधळून गेला होता. जावा मॉस कुठेही मिळतो आणि स्वस्त असतो. ख्रिसमसला त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. आपण लोकांना फसवलं की काय, हे त्याला टोचत होतं. म्हणूनच मी हे प्रकरण हातात घेतलं.

घरातही दोन मतं होती. आई म्हणत होती, "शेवाळच ते, त्याला कसलं नाव!" वडिलांचं म्हणणं वेगळं. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या ओढ्यातला एक दगड त्यांनी टँकमध्ये टाकला होता, त्यावरचंच हे पसरलं असणार, असा त्यांचा अंदाज. दोन्ही मतं तपासण्यासारखी होती, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

आधी हे मॉस आहे का

आपल्याकडे 'शेवाळ' या एका शब्दात फार काही मावतं. विहिरीच्या पायरीवरचं बुळबुळीत हिरवं, पावसाळ्यात भिंतीवर येणारी मखमल, टँकच्या काचेवरचा थर, सगळं शेवाळच. परिभाषेत मात्र शैवाल वेगळं आणि मॉस वेगळा. मॉसला तिथे 'हरिता' म्हणतात. हा शब्द मला आवडतो, पण टँकवाल्यांच्या तोंडी मॉसच आहे, म्हणून इथेही तोच वापरते.

फरक बघायला दहा पटींचं भिंगही पुरतं. शैवालात धागा असतो, पान नसतं. मॉसला बारीक खोड असतं आणि त्या खोडावर पानं. डब्यातला एक तुकडा पांढऱ्या बशीत पाण्यात सोडला, भिंग धरलं, तर खोड आणि दोन्ही बाजूंना चपटी बसलेली पानं स्पष्ट दिसली. शैवाल बाद झालं. लिव्हरवर्ट म्हणजे यकृतका गटातल्याही काही वनस्पती टँकमध्ये असतात. पाण्यावर तरंगणारी रिक्सिया त्यातलीच. तिला खोड-पान नसतं, इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटे फुटत जाणारी चपटी पट्टी असते. पानं असलेल्या यकृतकाही असतात आणि त्या चटकन फसवतात. त्यांच्यासाठी लाकडाला चिकटणारे तपकिरी धागे, म्हणजे मूलाभ, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. यकृतकेचा मूलाभ एकाच लांब पेशीचा असतो. मॉसचा अनेक पेशींचा, आणि त्यातले आडवे पडदे तिरके असतात. आमच्या तुकड्यात तिरके पडदे दिसले. मॉसच.

मग वडिलांचा दगड. तो अजून टँकच्या कोपऱ्यात होता आणि त्यावर नखाएवढा हिरवा ठिपका जिवंत होता. तो भिंगाखाली धरला आणि मला मनापासून आनंद झाला. पानं बरोबर दोन ओळींत, पिसासारखी. प्रत्येक पानाला मधली शीर, आणि पानाचा बुंध्याकडचा भाग दुहेरी, खिशासारखा, खोडाला कवेत घेऊन बसलेला. ही ठेवण फिसिडेन्स या कुळीची, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाची. एकदा पाहिली की जन्मात विसरत नाही. टँकमध्ये 'फिनिक्स मॉस' म्हणून विकला जातो तो फिसिडेन्स फॉन्टॅनस याच कुळीतला, पण आपल्या सह्याद्रीतही फिसिडेन्सच्या कितीतरी जाती ओढ्याकाठच्या मातीवर आणि दगडांवर वाढतात. महाबळेश्वर आणि खंडाळ्याच्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांनी केलेलं काम 1998 मध्ये पुस्तकरूपाने आलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मॉसकडे ज्याला वळायचं आहे त्याने तिथून सुरुवात करावी.

लाकडावरच्या झुबक्यात मधली शीर असलेलं एकही पान नव्हतं. म्हणजे दगडावरचं लाकडावर गेलेलं नाही. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दगड स्वतः हातात घेऊन भिंगातून पाहिला आणि बराच वेळ परत दिला नाही.

बाजारातली नावं आणि खरी नावं

इथे थोडं मागे जावं लागतं, कारण या सगळ्या गोंधळाचं मूळ जुनं आहे. कित्येक दशकं जगभरच्या टँकमध्ये जावा मॉस 'व्हेसिक्युलॅरिया डुबियाना' या नावाने ओळखला जात होता. दुकानांच्या पाट्यांवर तेच, पुस्तकांतही तेच. 2004-05 च्या सुमारास सिंगापूरमधले मॉसतज्ज्ञ बेनितो तान आणि तिथल्या दोन हौशी टँकवाल्यांनी मिळून बाजारातले मॉस सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिले. तेव्हा कळलं की जावा मॉस व्हेसिक्युलॅरिया कुळीतलाच नाही. तो टॅक्सीफायलम बार्बिएरी आहे. व्हेसिक्युलॅरिया डुबियाना हे नाव ज्याला खरोखर लागू पडतं तो वेगळा निघाला, तो 'सिंगापूर मॉस' म्हणून विकला जातो. ख्रिसमस मॉस म्हणजे व्हेसिक्युलॅरिया मॉन्टाग्नेई. खाली झुकत वाढणारा 'वीपिंग मॉस' म्हणजे व्हेसिक्युलॅरिया फेरिई. पीकॉक, फ्लेम, स्पायकी ही नावं टॅक्सीफायलमच्या वेगवेगळ्या प्रकारांना पडली आणि त्यांतल्या काहींना आजही पक्कं जातीचं नाव नाही.

यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की तज्ज्ञ आणि हौशी लोक एका टेबलाशी बसले म्हणून हे सुटलं. तज्ज्ञाकडे सूक्ष्मदर्शकाची नजर होती आणि टँकवाल्यांकडे टँकमधले मॉस. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो सावरून बसला. फसवणूक त्याने केली नव्हती. त्याच्यापर्यंत आलेलं नावच कुणी तपासलेलं नव्हतं.

जुनी पाटी अजूनही बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. त्यामुळे विक्रेत्याने शास्त्रीय नाव लिहिलंय म्हणून ते बरोबर, असं धरू नये. लॅटिन नाव छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

फोटोवर का भागत नाही

पुण्याचा आणि कराडचा, दोघेही गिऱ्हाईक फोटोवरून बोलत होते. ख्रिसमस मॉसची ख्याती अशी, की त्याची फांदी त्रिकोणी होते, बुंध्याशी रुंद आणि टोकाला निमुळती, नाताळच्या झाडासारखी. अशा फांद्या एकावर एक थरांत बसतात. जावा मॉस मात्र कुठेही फाटे फोडत गुंतवळ करतो. ही खूण खोटी नाही, पण तिच्यावर विसंबता येत नाही. प्रकाश कमी पडला की ख्रिसमसचा त्रिकोण मोडतो आणि फांद्या लांब, विरळ होतात. प्रवाहात, कार्बन डायऑक्साइड दिलेल्या टँकमध्ये, थंड पाण्यात एकच मॉस वेगवेगळा दिसतो. नवीन लावलेला मॉस तर पहिले दोन महिने स्वतःसारखाही दिसत नाही.

त्यात मोठी अडचण बीजाणूंची. मॉस ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत बीजाणूधानीला, म्हणजे देठावर उभ्या राहणाऱ्या त्या बारीक कुपीला, फार मान आहे. तिचं झाकण, तोंडाशी असलेले दात, देठाची लांबी, सगळं मोजलं जातं. पाण्याखाली हे मॉस कुप्या धरत नाहीत. जावा मॉस तर वर्षानुवर्षं फक्त तुकड्या-तुकड्यांनी वाढत आलेला आहे. तेव्हा हातात राहतं ते पान, आणि पानातली पेशी.

सुदैवाने या मॉसचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. काप घ्यायला नको, रंग लावायला नको. पान काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलं, वर कव्हर स्लिप टाकली की पेशीन् पेशी दिसते. व्हेसिक्युलॅरियाच्या पानाच्या मध्यावरच्या पेशी आखूड आणि रुंद असतात, ताणलेल्या षटकोनासारख्या. टॅक्सीफायलमच्या पेशी लांब आणि अरुंद, ताग सोलून ठेवावा तशा. एवढा एक फरक ठाऊक असला तरी बाजारातल्या बहुतेक टँक-मॉसची निम्मी वाट सरते.

पहिली काचपट्टी आणि माझी चूक

मी डब्यातला एक तुकडा घेतला, दोन-तीनदा पाण्यात खळबळून धुतला. श्रिंपच्या टँकमधल्या मॉसवर विष्ठा आणि डायटम या सूक्ष्म शैवालाचा थर असतो, तो गेला नाही तर पानावर नक्षी आहे असंच वाटतं. मग चिमट्याने फांदीच्या मधल्या भागातली चार पानं ओढून काढली. टोकाकडची घेतली नाहीत, ती कोवळी असतात. पेशी पाहायच्या त्या पानाच्या मध्यावरच्या. बुंध्याच्या कोपऱ्यातल्या पेशी सगळ्याच मॉसमध्ये जरा वेगळ्या असतात.

चारशे पटीत पेशी लख्ख दिसल्या. लांब, अरुंद, एकीला एक लागून तिरक्या चाललेल्या. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढला, त्याचा प्रिंट घेतला आणि पट्टीने मोजलं. एक पेशी लांबीला 42 मिलीमीटर, रुंदीला साडेतीन. बारास एक. सूक्ष्मदर्शकात मोजपट्टी नसली तरी चालतं, कारण आपल्याला खरी लांबी नको आहे, लांबी रुंदीच्या किती पट आहे एवढंच हवं. दहा पेशी मोजल्या. प्रमाण दहाच्या खाली कुठेही आलं नाही. टॅक्सीफायलम.

मी मुलाला फोन केला, "अरे, पुण्याचं गिऱ्हाईक बरोबर आहे. जावा मॉस आहे तुझा." त्याने त्याच रात्री पुण्याला पैसे परत पाठवले आणि कराडलाही कळवून टाकलं.

हे चुकलं होतं. निरीक्षण बरोबर होतं, पण एका फांदीवरून मी सगळ्या लाकडाबद्दल बोलून मोकळी झाले. वर्गात मुलांना मी दर वर्षी सांगते की नमुना एका जागेचा घेऊ नका, आणि इथे मीच एका डब्यातल्या एका तुकड्यावर थांबले.

मला जाग आली ती दोन दिवसांनी, त्याच्या माडीवर गेले तेव्हा. तो मे महिन्यातला एक फोटो दाखवत होता. मे महिन्यात माडी तापली होती, टँकचा थर्मामीटर 31 अंश दाखवत होता, श्रिंप मरत होते, म्हणून तो बर्फाच्या बाटल्या सोडत होता. फोटोत लाकडाचा वरचा उजवा भाग तपकिरी पडलेला होता आणि डावा, खालचा भाग हिरवागार. मधे रेघ मारावी इतका स्पष्ट फरक. तो म्हणाला, "वरती लाइट जवळ आहे ना मॅडम, म्हणून जळला असणार." असेलही. पण जावा मॉस तीस अंशांच्या आसपासही तग धरतो आणि ख्रिसमस मॉसला पंचवीसच्या आतलं पाणी मानवतं, हे टँकवाल्यांच्या नेहमीच्या अनुभवातलं आहे. एकाच लाकडावर, वीतभर अंतरावर, एक भाग होरपळतो आणि दुसऱ्याला काही होत नाही, याचं कारण प्रकाशच असेल असं धरून चालणार नव्हतं.

बारा जागा, बारा फांद्या

या वेळी कागदावर लाकडाचा आकार काढला, त्यावर बारा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी एक-एक फांदी चिमट्याने उपटली. कात्री वापरली नाही, कारण कात्रीला चिकटलेले तुकडे दुसऱ्या नमुन्यात जातात. औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या झिप पिशव्या त्याच्या दुकानात मिळतात. त्या बारा घेतल्या, आकडे टाकले. दोन संध्याकाळी काचपट्ट्या करण्यात गेल्या.

सात फांद्यांमध्ये पहिल्यासारख्याच लांब पेशी होत्या. आठवी फांदी, उजव्या बाजूच्या वरच्या भागातली, उन्हाळ्यात होरपळून जूनमध्ये नव्याने फुटलेली. ती पाहिली आणि मी खुर्ची मागे सरकवून मुलाला हाक मारली. पान रुंद, जवळजवळ गोलटं, टोकाला एकदम आखूड अणकुची. पेशी षटकोनी, फुगीर, जाळीदार. प्रिंटवर 20 मिलीमीटर लांब, साडेपाच रुंद. साडेतीनास एकच्या आसपास. मुलाने डोळा लावला, बराच वेळ फिरवत बसला आणि म्हणाला, "हे तर दुसरंच झाड आहे."

उरलेल्या चार फांद्याही तशाच निघाल्या. सात एकीकडच्या, पाच दुसरीकडच्या. विक्रेत्याकडून आलेल्या तळहाताएवढ्या झुबक्यातच दोन्ही होते. बहुधा त्याच्याकडे दोन्ही मॉस एकाच हौदात वाढत असावेत. जावा मॉसचा अर्ध्या सेंटीमीटरचा तुकडाही नवीन झुबका करतो, त्यामुळे अशी भेसळ कुणी मुद्दाम केलीच पाहिजे असं नाही. पुण्याला गेलेला वाटा डाव्या बाजूचा होता, कराडला गेलेला उजव्या. दोन्ही गिऱ्हाइकं खरं बोलत होती.

पेशींच्या प्रमाणावर कुळी सांगता येते, तरी दुसरा पुरावा असल्याशिवाय मी या वेळी बोलणार नव्हते. तो पुरावा खोडावर, जिथून नवीन फांदी फुटते त्या कळीपाशी असतो. कळीभोवती अगदी बारीक उपांगं असतात. व्हेसिक्युलॅरियात ती धाग्यासारखी, एकेका पेशीच्या रांगेची. टॅक्सीफायलममध्ये ती पसरट, छोट्या पानासारखी. ती बघायला खोडावरची पानं एकेक करून सोलावी लागतात आणि कळी न मोडता उघडी करावी लागते. रविवारची सगळी सकाळ त्यात गेली. पहिल्या दोन खोडांवर कळी चिमट्यातच चिरडली. तिसऱ्यावर मिळाली: रुंद पानाच्या मॉसवर तीन हिरवट धागे, नाजूक, कळीला टेकलेले. लांब पेशींच्या मॉसवर चौथ्या प्रयत्नात त्रिकोणी, पसरट खवला दिसला. दोन्ही पुरावे एका दिशेने गेले.

जातीचं नाव कुठपर्यंत

कुळी ठरली. जातीचं काय? मुलाला 'ख्रिसमस' हे नाव हवं होतं, आणि त्यात गैर काही नाही. त्याच नावाने त्याने पैसे मोजले होते.

रुंद पान आणि एकदम आखूड होणारं टोक ही खूण व्हेसिक्युलॅरिया मॉन्टाग्नेईकडे बोट दाखवते. डुबियानाचं पान त्या मानाने लांबट आणि टोकाकडे सावकाश निमुळतं होत जाणारं. फेरिईचं टोक लांब, शेपटीसारखं, आणि फांद्या खाली झुकतात. आमच्या नमुन्यात झुकणं नव्हतं, शेपटीही नव्हती. पण पाण्याखाली पानाचा आकार थोडा बदलतो, आणि व्हेसिक्युलॅरियाच्या जाती एकमेकींना लागून आहेत. मॉन्टाग्नेई हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कामिय मॉन्टान्य फ्रेंच सैन्यातले डॉक्टर होते. नोकरी आटोपल्यावर बुरशी, शैवाल आणि मॉस यांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं. त्यांच्या नावाची पाटी लावायची तर थोडी तसदी घ्यायलाच हवी, असं मला वाटलं.

म्हणून दोन्ही मॉस पाण्याबाहेर वाढवायला घेतले. झाकणाचे दोन पारदर्शक डबे, तळाशी ओला स्पंज, त्यावर मॉसच्या बोटभर लांबीच्या फांद्या पसरून दाबल्या, झाकण किंचित फटीचं, उत्तरेच्या खिडकीत. बाहेर पाऊस असल्यामुळे हवा दमट होती, फवारणी दोन दिवसांतून एकदाच करावी लागली. पाण्यातल्या जुन्या फांद्या पहिल्या दोन आठवड्यांत पिवळ्या पडल्या. मुलगा घाबरला. मी त्याला थांब म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात त्याच फांद्यांच्या टोकांना फिकट पोपटी फूट आली आणि ऑगस्टच्या मध्याला दोन्ही डबे भरले.

पाण्याबाहेरची वाढ खरंच बोलकी निघाली. रुंद पानाचा मॉस स्पंजला अगदी चिकटून, नियमित पिसासारखा पसरला. फांद्यांचा त्रिकोण पाण्यात होता त्याहून स्वच्छ. पानाचं टोक आखूडच राहिलं. दुसऱ्या डब्यातला मॉस विस्कटलेला, वर-खाली वाकडा. कुप्या मात्र दोन्हींत आल्या नाहीत. ऑगस्ट संपेपर्यंत मी रोज सकाळी भिंग घेऊन पाहत होते.

तेव्हा नाव असं लिहिलं: पहिल्याला 'टॅक्सीफायलम बार्बिएरी, जावा मॉस'. दुसऱ्याला 'व्हेसिक्युलॅरिया, सीएफ मॉन्टाग्नेई'. वनस्पतिशास्त्रात 'सीएफ' लिहितात तेव्हा त्याचा अर्थ असतो: या जातीशी पडताळून पाहा, जुळतं आहे, शिक्का मारलेला नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकाला सीएफ काय सांगू?" मी म्हटलं, "ख्रिसमस मॉस म्हण, पण पेशी पाहून कुळी पक्की केली आहे आणि जात जवळजवळ नक्की आहे, हेही सांग. एवढं सांगणारा विक्रेता मला तरी अजून भेटला नाही."

वेगळं करणं

ओळख पटली तरी लाकडावर दोन्ही गुंतलेलेच होते. अशा गुंत्यात जावा मॉस जिंकतो. वाढ जलद, उष्णता सोसतो, आणि वर्षभरात ख्रिसमसला झाकून टाकतो. साताऱ्याचा एक उन्हाळा या लाकडावर निम्मं काम करूनच गेला होता. लाकडावरून निवडून काढणं हा वेड लावणारा उद्योग आहे, तो आम्ही केला नाही. डब्यातली वाढ शुद्ध होती, कारण ती तपासलेल्या फांद्यांपासून आली होती. तीच बियाणं म्हणून धरली. ख्रिसमसच्या डब्यातून पुन्हा सहा जागांची पानं पाहिली, सहाही आखूड पेशींची निघाली. मग ती धुतलेल्या नवीन लाकडावर बांधली आणि खालच्या मजल्यावरच्या टँकमध्ये ठेवली. तिथे माडीपेक्षा पाणी चार अंश थंड असतं. त्या टँकची जाळी, कात्री, पाइप वेगळे.

उरलेल्या जुन्या झुबक्याचं त्याच्या मनात होतं की यवतेश्वराच्या ओढ्यात सोडून द्यावं, जगेल बिचारं. ते मी करू दिलं नाही, आणि या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही. त्याच ओढ्यात दगडावर फिसिडेन्स आहे, आणखी किती काय आहे ते आपण अजून पुरतं पाहिलेलंही नाही. तिथे तुकड्या-तुकड्यांनी वाढणारा परका मॉस सोडायचा नाही. कासच्या पठारावरून किंवा ओढ्यातून मॉस उचलून टँकमध्येही आणायचा नाही. तो पाण्याखाली सहसा टिकत नाही, आणि पठार तर 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. उरलेला झुबका उन्हात पूर्ण वाळवला आणि कुंडीत खत म्हणून घातला.

दोन्ही मॉसचा एकेक नमुना मी सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवला. मॉसला बाकीच्या वनस्पतींसारखं दाबून चिकटवावं लागत नाही. पाकिटात ठेवलेला मॉस दशकांनंतरही गरम पाण्यात टाकला की पान उघडतो आणि पेशी पुन्हा मोजता येतात. पाकिटावर तारीख, मंगळवार पेठ, टँकचं तापमान, लाकडावरच्या खुणेचा आकडा आणि पेशींचं प्रमाण लिहिलं. पुढे कुणा जाणत्याने 'हे मॉन्टाग्नेई नाही' असं म्हटलं, तर त्याला पाकीट उघडून पाहता येईल.

सप्टेंबरच्या अखेरीस मुलाने कराडला खरा ख्रिसमसचा वाटा पाठवला, आधीचा कबुलीजबाब मागे घेऊन, सगळी हकिकत लिहून. पुण्याच्या गिऱ्हाईकालाही त्याने पेशींचे दोन्ही फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "माझ्याकडे अजून तीन मॉस आहेत, तुमच्या मॅडम पाहतील का?" परवा पार्सल आलं. ओल्या टिश्यूत गुंडाळलेल्या तीन पिशव्या आहेत, तिन्हींवर मी बारा-बारा आकडे टाकून ठेवलेत.